भाड्याच्या घरातले ब्लाइंड्स: आधी टांगायचे कशावर?

भाड्याच्या घरात ब्लाइंड्स निवडताना कापड आणि रंग नंतर येतात. आधी पाहावे लागते ते टांगायचे कशावर. महाराष्ट्रात शहरी घर बहुधा 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मिळते. काही करारांत भिंतीला भोके पाडायला मनाई असते, तर अनेकांत घर होते तसे परत करण्याची अट असते. त्यामुळे मालकाची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लेखी घ्यावी आणि आधीच्या भाडेकरूने पाडलेल्या भोकांचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवावेत. पडद्याच्या दांडीचे जुने ब्रॅकेट शिल्लक असतील तर निम्मे काम झाले.

नवीन भोके पाडायची वेळ आलीच, तर भिंत कसली आहे हे पाहावे. मायवान पद्धतीच्या नव्या टॉवरमध्ये भिंती सबंध काँक्रीटच्या असतात. तिथे साधे ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागते. जुन्या इमारतीत प्लास्टर भुसभुशीत झालेले असेल तर गिट्टी घट्ट बसत नाही. खिडकीला मार्बल किंवा ग्रॅनाइटची चौकट असेल तर तिला मात्र हात लावू नये, कारण तिची कड तडकू शकते.

हीच गुळगुळीत चौकट स्प्रिंगच्या टेन्शन रॉडला सोयीची. समोरासमोरच्या दोन बाजूंवर दाबून बसणारा हा रॉड हलका पडदा पेलतो, जड ब्लॅकआउट कापडाने मात्र घसरतो. चिकटपट्टीचे ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियम, टाइल आणि काचेवर टिकतात. डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवरून ते रंगाचा पापुद्रा घेऊनच निघतात, आणि ओल आलेल्या भिंतीवर तर त्यांचा भरवसाच नाही.

यानंतर दिशेचा विचार. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुष्कळ सांभाळतो, कारण उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मुंबईत 21 डिसेंबरच्या दुपारी तो क्षितिजापासून साधारण 47 अंशांवरच असतो. तेव्हा आत येणारे ऊन बहुतेकांना हवेसेच वाटते. खरा त्रास पश्चिमेचा. तिथले ऊन तिरपे येते आणि छज्ज्याखालून सरळ घरात शिरते.

या खिडकीला आतून महागडे ब्लॅकआउट लावले तर अंधार होतो, पण उकाडा फारसा कमी होत नाही. ऊन काचेतून आधीच आत आलेले असते, ब्लाइंड तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. फिकट किंवा चंदेरी पाठीच्या कापडाने थोडा फरक पडतो. ऊन काचेबाहेरच अडवणे केव्हाही चांगले. भाडेकरूकडे त्यासाठी एक तयार साधन असते: खिडकीची ग्रिल. बांबूची चिक दोरीने ग्रिलला बांधली की एकही भोक पडत नाही. मात्र इमारतीचे दर्शनी रूप बदलायला सोसायटीची हरकत नाही ना, हे आधी विचारावे. पावसाळ्यापूर्वी चिक उतरवून ठेवावी, नाहीतर बुरशी धरते. विदर्भातले पाणी शिंपडून ओले ठेवायचे वाळ्याचे पडदे या कामी आणखी सरस, पण कोरड्या हवेतच. मुंबईच्या दमट हवेत पाणी नीट उडत नाही, म्हणून गारवाही मिळत नाही.

आतल्या प्रकारांपैकी रोलर ब्लाइंड कमी जागा घेतो आणि पुसायला सोपा असतो. त्यातल्या सनस्क्रीन कापडावर 3 किंवा 5 टक्के असा आकडा असतो. तो विणीतल्या मोकळ्या जागेचा. दिवसा त्यातून बाहेरचे दिसते. रात्री घरात दिवा लागला की बाहेरच्यांना आतले दिसते. त्यामुळे समोरासमोर इमारती असतील तर जोडीला साधा पडदा लागतोच. झेब्रा ब्लाइंड दिसायला छान, पण धूळ दुहेरी कापडावर बसते. लाकडी पट्ट्या कोकणपट्टीच्या दमटपणात फुगतात आणि वाकतात. रस्त्यालगतच्या घराला धुता येणारा सुती पडदाच बरा.

चौकटीच्या आत बसवायचा ब्लाइंड वर, मध्ये आणि खाली मोजून सर्वांत लहान रुंदीवर बेततात. तो पुढच्या घरात बसेलच असे नाही. बाहेरून बसवलेला, दोन्ही बाजूंना पाचसहा सेंटिमीटर जास्त असलेला ब्लाइंड भाडेकरूला परवडतो: मोठा ब्लाइंड कापून लहान करता येतो, लहानाचा मोठा होत नाही.

घरात लहान मूल असेल तर लोंबत्या दोरीचा किंवा मण्यांच्या साखळीचा ब्लाइंड टाळावा. तिचा फास गळ्याभोवती बसण्याचा धोका खरा आहे. बिनदोरीचा स्प्रिंगवाला प्रकार घ्यावा आणि पलंग खिडकीपासून दूर ठेवावा. घर सोडताना ब्लाइंड न्यायचा की मालकाने ठरलेल्या पैशांत ठेवून घ्यायचा, हे बसवण्याआधीच बोलून घ्यावे. नेणार असल्यास भोके पुट्टीने बुजवण्याचे काम भाडेकरूकडेच येते.