एचपी तीच, किंमत वेगळी का?

पंपाच्या दुकानात ५ एचपीच्या दोन मोटारी शेजारी असतात, पण किमतीत चांगलाच फरक. पैसे कशाचे?

उचलून पाहा: महागडी बहुधा जड लागते. तिच्यात तांबं जास्त भरलेलं असतं. अरुंद बोळात गर्दीची रेटारेटी होते, तशी बारीक तारेत वीज उष्णता होऊन वाया जाते. गाभ्याचे पत्रेही चांगल्या पोलादाचे, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे. पत्रा जितका पातळ, तितके त्यात घुमून वीज वाया घालवणारे प्रवाह कमी.

मग रोटर, म्हणजे आतला फिरणारा भागही तांब्याचा का नाही? ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, तांब्याला १०८५ लागतात. एवढ्या उष्णतेनं रोटर ओतायचे साचे लवकर खराब होतात. म्हणून तिथं बहुधा ॲल्युमिनियमच.

क्वचित चालणारी मोटार स्वस्तातली चालेल. रोज तासन्‌तास चालणार असेल, तर जादा पैसे वीजबिलातून वसूल होतात.