उजेड किती हवा आणि किती वेळ हवा? : मुक्कामाला आणि गाडीत न्यायच्या चार्जिंगच्या दिव्यांविषयी

आज विषय साधा आहे, पण सुरुवात देवगिरीपासून करू. आपल्यापैकी बहुतेकांनी दौलताबादचा किल्ला चढलेला आहे. खंदक ओलांडला की ‘अंधारी’ लागते. दगडात खोदलेला वळणावळणाचा चढता बोगदा, वर वटवाघळं. पूर्वी तिथले वाटाडे मशाल पेटवून माणसं वर न्यायचे, आता जो तो मोबाईलचा दिवा लावतो. तिथे एक गोष्ट लक्षात येते. पुढच्या माणसाने मागे वळून दिवा तोंडावर मारला, की मागच्याला पायरीच दिसत नाही. म्हणजे दिवा प्रखर असला की चांगला, हे काही खरं नाही. उजेड कुठे पडतो, किती पडतो आणि किती वेळ टिकतो, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर दिवा निवडता येतो.

हे आम्ही शिकलो ते आमच्या फजितीतून. कन्नड तालुक्यातल्या अंतूर किल्ल्यावरून परतताना रात्री गाडीचं चाक पंक्चर झालं. डॅशबोर्डच्या कप्प्यात चार्जिंगची टॉर्च होती, खोक्यावर भलेमोठे आकडे छापलेली. पण ती सहा महिने उन्हाळ्यासकट तिथेच पडून होती. चार मिनिटं पेटली आणि विझली. मोबाईल तोंडात धरून नट सोडवले. मागून ट्रक येत होते आणि आम्ही त्यांना दिसतोय की नाही, हे आम्हाला कळत नव्हतं. भीती अंधाराची नव्हती, न दिसण्याची होती. त्या रात्रीनंतर आम्ही दिवे नीट समजून घ्यायला लागलो.

आता टाकी आणि नळाचं उदाहरण घेऊ. आपल्या शहरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाणी किती दिवसांनी येणार हे माहीत असलं, की नळ किती सोडायचा ते घरातलं लहान मूलही जाणतं. बॅटरी ही टाकी, ल्युमेन हा नळ. टाकीचं माप मात्र मिलीअँपिअर-तासावर न पाहता वॅट-तासावर पाहायचं. या दिव्यांत बहुधा ‘१८६५०’ नावाचा लिथियम-आयन सेल असतो. १८ म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ म्हणजे ६५ मिलिमीटर लांबी. त्याचा व्होल्टेज ३.७. सेल २६०० मिलीअँपिअर-तासांचा असेल, तर २.६ गुणिले ३.७, म्हणजे साधारण ९.६ वॅट-तास. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते. त्यामुळे तेवढ्याच सेलवर ‘९९००’ छापलेलं दिसलं, तर समजायचं की टाकीवर नुसता आकडा रंगवलाय. खरा सेल हाताला जड लागतो, साधारण ४५ ग्रॅमचा. खोटे सेल पुष्कळदा हलके असतात.

पुढचा हिशोब तोंडी होतो. चांगला एलईडी दिवा एका वॅटमागे साधारण १०० ल्युमेन देतो. ९.६ वॅट-तासांतून थोडं वाया जातं असं धरलं, तरी सुमारे ८०० ‘ल्युमेन-तास’ हाती लागतात. म्हणजे १०० ल्युमेनवर आठ तास आणि १००० ल्युमेनवर पाऊण तास. आता एका सेलच्या टॉर्चवर ‘१००० ल्युमेन, ८ तास’ लिहिलेलं दिसलं तर काय म्हणायचं? त्यासाठी दहा सेल लागतील! पण दरवेळी ते सरळ खोटं असतंच असं नाही. टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं एक मानक आहे. त्यात तेजाचा आकडा दिवा लावल्यानंतर ३० सेकंदांनी मोजतात आणि ‘चालण्याचा वेळ’ त्या तेजाच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. म्हणजे पहिली काही मिनिटं लखलखाट, मग सात तास मिणमिण, तरी कागदावर आठ तास. दिवा तापू नये म्हणून आतलं सर्किट तेज आपोआप खाली आणतं, हेही कारण आहे. म्हणून दुकानात एकच विचारायचं : मधल्या पायरीवर किती वेळ चालतो?

मग उजेड लागतो तरी किती? आमचा अंदाज सांगतो. तंबूत ३० ते ५० ल्युमेन भरपूर होतात. स्वयंपाकाला आणि जेवायला १०० ते १५०. पायवाटेवर चालायला १००, कातळावरून उतरायला २००. चाक बदलायला १५० ते २००, पण पसरट. ५०० च्या वरचा झोत लागतो तो वाट चुकल्यावर लांबची खूण शोधायला, तोही मिनिट-दोन मिनिटं. दोन रात्रींच्या मुक्कामाला कंदील रोज चार तास १०० ल्युमेनवर लावला, तर ८०० ल्युमेन-तास झाले. म्हणजे एक सेल संपला. त्यावर निम्मं शिल्लक म्हणून धरा. कंदिलात दोन सेल असले की निश्चिंत.

दिव्यांचे प्रकारही त्याच हिशोबाने ठरतात. चालताना डोक्याला बांधायचा दिवा प्रत्येकाकडे हवा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. मुक्कामात चारही बाजूंना उजेड पाडणारा कंदील, वर टांगायला कडी असलेला. गाडीसाठी चुंबकाचा तळ असलेला चपटा दिवा उत्तम. बॉनेटच्या पत्र्याला चिकटतो, पाहिजे तसा वळवता येतो. रंग पिवळसर घ्या, ३००० केल्विनच्या आसपासचा. तो मुक्कामात डोळ्याला सुखावतो, किडेही तुलनेने कमी येतात. ६५०० चा निळसर पांढरा डोळ्यांवर येतो. लाल उजेडाची पायरी असेल तर फारच छान. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती क्षणात मोडते. मंद लाल उजेडात ती बरीचशी टिकते.

पावसाळी ट्रेक असेल तर आयपी क्रमांक पाहा. आयपीएक्स-४ म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी सोसतो. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसलं नसेल, तर या आकड्यांना अर्थ नाही. स्वस्त दिव्यांची आणखी एक खोड असते. भोक टाइप-सीचं असतं, पण दोन्हीकडे सी असलेल्या केबलने ते चार्जच होत नाहीत. जुन्या चपट्या यूएसबीची केबल लागते. घरी करून पाहा, डोंगरात शोध लावू नका. आणि कंदिलाच्या डोक्यावरच्या तळहाताएवढ्या सोलर पट्टीवर विसंबू नका. अर्ध्या वॅटची पट्टी कडक उन्हातही ९.६ वॅट-तासांचा सेल भरायला वीस तासांच्या वर घेते. म्हणजे तीन-चार दिवस.

आता गाडीचं. मराठवाड्याच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४० च्या पुढे जातो. बंद गाडीत, काचेखाली काय होत असेल? लिथियम-आयन सेल साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि ६० च्या वर जाऊच देऊ नये. उष्णतेने सेल लवकर म्हातारा होतो, कधी फुगतो. म्हणून चार्जिंगचा दिवा गाडीत कायमचा ठेवायचा नाही. तो प्रवासाच्या पिशवीत, अर्धा भरलेला, घरी. दर तीन महिन्यांनी एकदा पाहायचा. गाडीत काय ठेवायचं? साध्या पेन्सिल सेलवर चालणारी एक टॉर्च, सेल बाहेर काढून वेगळ्या डबीत. नाहीतर ते गळून टॉर्च खातात. जोडीला १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावायचा लांब वायरचा दिवा. पुष्कळ गाड्यांत चावी फिरवल्याशिवाय ते सॉकेट चालत नाही, हे आधी बघून ठेवा.

समृद्धी महामार्गावर रात्री लांबच लांब काळोख असतो. गाडी बंद पडली तर आधी चारही इंडिकेटर, मग लाल त्रिकोण बराच मागे, माणसं रस्त्याच्या कडेला, कठड्यापलीकडे. टॉर्चचा झोत येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर मारायचा नाही, तो आंधळा होतो. उजेड स्वतःच्या अंगावर किंवा रस्त्यावर पाडायचा. लुकलुकणारा पिवळा दिवा गाडीच्या मागे ठेवला तर उत्तम. त्या रात्री आमच्याकडे हेच नव्हतं.

विकत घेताना सेलवर किंवा खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का पाहा. लिथियम सेलला आयएस १६०४६ हे मानक आणि नोंदणी सक्तीची आहे. फुगलेला सेल टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. विमानाने जाणार असाल तर सुटे सेल हातातल्या सामानात ठेवा.

शेवटचं. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात मुक्काम परवानगीच्याच जागी करायचा आणि जनावरांवर झोत टाकायचा नाही. भंडारदऱ्याकडे मेअखेर-जूनमध्ये काजवे पाहायला जाता ना? त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. आपण टॉर्च लावली की ती साद पोचत नाही. चांगला दिवा घ्या, मंडळी, तो वेळेवर चार्ज करा आणि कधी विझवायचा तेही शिका. आता तुमचे प्रश्न घेऊ.