शालेय भाषाविनिमय : तत्त्व व योजना

भिन्न भाषा बोलणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी परस्परांची भाषा परस्परांकडूनच शिकावी, या व्यवस्थेस भाषाविनिमय असे म्हणतात. १९६३ च्या एलिझे करारानुसार स्थापन झालेल्या फ्रेंच-जर्मन युवक कार्यालयाच्या भेटींमधून या पद्धतीस युरोपात मोठी चालना मिळाली. दोघांनी मिळून चालवावयाच्या सायकलीवरून तिला 'टँडेम' हे नाव पडले. परस्परता, म्हणजे दोघांस सारखाच लाभ, आणि स्वायत्तता, म्हणजे आपण काय शिकावे हे ज्याचे त्याने ठरविणे, ही तिची दोन तत्त्वे होत.

यांपैकी परस्परता टिकविणे अधिक कठीण असते. जर्मन व इंग्रज विद्यार्थी एकत्र आले की जर्मन मुलाचे इंग्रजी सामान्यतः इंग्रज मुलाच्या जर्मनपेक्षा बरे असल्यामुळे संभाषण नकळत इंग्रजीकडे झुकते, आणि विनिमय एकतर्फी होतो.

हीच अडचण मुंबईत अधिक गुंतागुंतीच्या रूपाने दिसते. अँटॉप हिल, शीव कोळीवाडा व धारावी या सलग परिसरात मराठी व तमिळ भाषिकांचा शेजार जुना आहे. महानगरपालिकेच्या शाळा मराठी, तमिळ यांसह आठ माध्यमांतून चालतात, आणि अनेक ठिकाणी एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांचे वर्ग भरतात. तमिळ माध्यमाचा विद्यार्थी मराठी शिकतो. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत ती सक्तीची झाली आहे. मराठी माध्यमाच्या अभ्यासक्रमात मात्र तमिळला स्थान नाही. शिवाय मधल्या सुट्टीत दोघांस मुंबईची हिंदी उपलब्ध असते. त्यामुळे शेजार असूनही विनिमय घडत नाही.

यास्तव योजनेत काही नियम आवश्यक ठरतात. प्रत्येक भेटीचा निम्मा वेळ मराठीस व निम्मा तमिळला द्यावा, आणि तो घड्याळ लावून पाळावा. हिंदीचा आश्रय केवळ अर्थ अडला तरच घ्यावा. चूक वाक्य पूर्ण झाल्यावर दुरुस्त करावी. शब्दाशब्दाला अडविल्यास बोलणारा मूक होतो. सुधारलेली वाक्ये ज्याची त्याने वहीत नोंदवावीत.

चुका कोठे होतील, हे दोन्ही भाषांच्या रचनेवरून बरेचसे सांगता येते. तमिळमध्ये अचेतन वस्तूंस स्त्री-पुरुष भेद नाही. म्हणून तमिळ मूल 'मोठा खुर्ची' असे म्हणण्याचा संभव असतो. अल्पप्राण-महाप्राण भेदही तमिळमध्ये अर्थभेदक नसल्याने 'काट' व 'खाट' यांत त्याची गफलत होते. उलट, तमिळ लिपीतील एकच अक्षर शब्दारंभी 'क' व अनुनासिकानंतर 'ग' असे का उच्चारले जाते, हे मराठी मुलास प्रथम उमगत नाही.

पण साम्येही आहेत. 'आपण' व 'आम्ही' यांतील भेद इंग्रजीत नाही. तमिळमध्ये मात्र तो 'नाम्' व 'नांगळ्' असा स्पष्ट आहे. 'येईन म्हणून सांगितले' या वाक्यातील 'म्हणून' जसा 'म्हणणे' या धातूपासून आला, तसाच 'वरुवेन् एन्ऱु सोन्नान्' यातील 'एन्ऱु' हाही 'म्हणणे' याच अर्थाच्या धातूपासून आला आहे. अशा साम्यांपासून आरंभ केल्यास दोन्ही मुलांस लवकर पूर्ण वाक्ये बोलता येतात.

मूल चूक ओळखते. तिचा नियम त्यास सांगता येतोच असे नाही. तो सांगणे, जोड्या लावणे आणि वेळेची समानता राखणे हे शिक्षकाचे कार्य होय.

साने गुरुजींनी (१८९९–१९५०) आयुष्याच्या अखेरच्या काळात मांडलेल्या आंतरभारतीच्या कल्पनेत प्रांतोप्रांतीच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात अशी अपेक्षा होती. तमिळ मुलाने मराठी शिकल्याने तिचा अर्धा भाग साधतो. तेच मूल अर्धा तास मराठी मुलाचे शिक्षक होते, तेव्हा त्याची घरची भाषा शाळेत प्रथमच इतरांच्या शिकण्याचा विषय बनते. आणि उरलेला अर्धा भाग तेथूनच सुरू होतो.