चिनी गुलाबाचा वाफा

चैत्र उजाडला की आमच्याकडे विहिरींचे पाणी खोल जाते आणि शाळेच्या बागेतील वाफे एकेक करून सुकू लागतात. अशा दिवसांत जमिनीलगत पसरून लाल, पिवळी, गुलाबी, पांढरी फुले देणारे एक झाड आहे. ते म्हणजे चिनी गुलाब होय. नावात चीन आणि गुलाब दोन्ही असले, तरी या झाडाचा संबंध दोहोंशीही नाही! ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या काजूचे माहेरही त्याच खंडात आहे. भाजीची घोळ मात्र चिनी गुलाबाच्या अगदी जवळच्या नात्यातली.

ऊन तापू लागले की याची फुले उमलतात व दुपार कलली की मिटतात. म्हणून कोणी यास ‘ऑफिस टाइम’ असेही म्हणतात. मळभ आले तर कळ्या उघडतच नाहीत. फुलाचे आयुष्य जेमतेम एका दिवसाचे. आमची शाळा सकाळची. त्यामुळे पहिल्या तासाला वाफा रिकामा दिसतो आणि मधल्या सुटीत पाहावा तो भरलेला!

पहिल्या वर्षी आम्ही हा वाफा केला, तेव्हा मुले मोठ्या मायेने सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालीत आणि आम्हीही ते कौतुकाने पाहत राहिलो. तीन आठवड्यांत अर्धा वाफा बुडाशी कुजला. दोष मुलांचा नव्हे, आमचाच. त्या बारीक, गोलसर, मांसल पानांकडे आम्ही नीट पाहिले असते, तर झाड आपले पाणी पानांत साठवून ठेवते, हे तेव्हाच उमगले असते.

आता आम्ही असे करतो. सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडून माती मोकळी करावी. मोरजी-मांद्र्याकडे माती मुळातच रेताड. डिचोलीकडील तांबड्या मातीत मात्र तिसरा हिस्सा जाड रेती व थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. चार बोटे लांबीच्या फांद्या वीतभर अंतराने खोचाव्यात. मुळे धरीपर्यंत माती किंचित ओलसर ठेवावी. पुढे वरची माती कोरडी झाल्यावरच, तेही सकाळी, पाणी द्यावे.

खरी कसोटी पावसाळ्याची. आमच्या पावसात उघड्यावरचा वाफा सहसा टिकत नाही. म्हणून मृगापूर्वीच प्रत्येक रंगाच्या चार-दोन फांद्या कुंडीत लावून, पागोळ्या लागणार नाहीत अशा बेताने, ओसरीच्या उजेडात ठेवाव्यात. फुले नाही आली तरी चालेल. रोप जगले पाहिजे. दसऱ्यानंतर ऊन स्थिरावले, की याच फांद्यांपासून नवा वाफा होतो, आणि उरलेल्या मुले आपापल्या घरी नेतात.