दिवसा काम, रात्री गेम : प्रोसेसर निवडताना

मागच्या वेळी आपण ग्राफिक्स कार्डांबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यात एक प्रश्न फिरून फिरून होता : "सर, एकाच कॉम्प्युटरवर दिवसा काम करायचंय आणि रात्री गेम खेळायचेत, तर प्रोसेसर कोणता घेऊ?" आज तेवढंच बोलू या. नावांची यादी मात्र देणार नाही. यादी सहा महिन्यांत शिळी होते. आधी प्रोसेसर करतो काय ते समजून घेऊ, म्हणजे उद्या नवीन नाव बाजारात आलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. माझा भाचा साताऱ्याला असतो. लग्नांचे व्हिडिओ शूट करतो, एडिट करतो, आणि रात्री मित्रांबरोबर गेम खेळतो. त्याने पतसंस्थेचं कर्ज काढून नवीन मशीन घ्यायचं ठरवलं आणि मला फोन केला : "मामा, काय घेऊ?" मी फार विचार न करता सांगून टाकलं, "एडिटिंग आहे ना? मग सोळा कोअरचा घे. ग्राफिक्स कार्ड जरा जुनं चालेल." पोराने ऐकलं. तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला आणि पंधरा दिवसांत फोन आला : "मामा, टाइमलाइन अडकतेय. जुन्या मशीनवर जशी अडकायची तशीच. आणि गेम पण काही विशेष पळत नाही." दोन लग्नांचे व्हिडिओ उशिरा गेले. एका घराने उरलेले पैसे दिलेच नाहीत. हप्ता मात्र ठरल्या तारखेला जात होता. प्रोसेसर उत्तम होता बरं का, त्यात खोट काहीच नव्हती. सल्ला चुकीचा होता.

चूक कुठे झाली? त्यासाठी आपण थोडं स्वयंपाकघरात जाऊ. शंभर पुरणपोळ्या करायच्या आहेत. लाटायला आठ जणी बसल्या तर काम झटपट होतं, सोळा बसल्या तर आणखी लवकर. पण पुरण शिजल्याशिवाय कोणाचंच लाटणं सुरू होत नाही आणि डाळ शिजायला जो वेळ लागतो तो लागतोच. सोळा जणी मिळून ती लवकर शिजवू शकत नाहीत. (हशा) जीन अॅमडाल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हेच गणितात मांडलं. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी तुमच्या वेगाची मर्यादा ठरवतो.

आता आकडे बघा, कारण गंमत त्यातच आहे. समजा एखाद्या कामाचा ९५ टक्के भाग वाटून देता येतो. थ्रीडी रेंडरिंग या जातीचं काम आहे. मग आठ कोअरवर ते साधारण ५.९ पट वेगाने होईल आणि सोळा कोअरवर ९.१ पट. म्हणजे सोळा कोअरचे पैसे वसूल. आता असं काम घ्या ज्याचा निम्माच भाग वाटता येतो. आठ कोअरवर वेग १.७८ पट, सोळा कोअरवर १.८८ पट. कोअर दुप्पट, पैसे जवळपास दुप्पट आणि फायदा सहा टक्क्यांच्या आत! गेम बऱ्याच अंशी या दुसऱ्या जातीचे असतात. खेळाडूने बटण दाबलं, त्यावरून पात्र हललं, त्यावरून कोण कोणाला धडकलं ते ठरलं, मग चित्र काढायचा हुकूम ग्राफिक्स कार्डाला गेला. एकामागून एक अशी ही साखळी असते. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर ही साखळी दर १६.७ मिलिसेकंदांत पुरी व्हायला हवी, १४४ हवी असतील तर ७ मिलिसेकंदांच्या आत. इथे कोअर किती आहेत यापेक्षा त्यातला एकेक किती चपळ आहे हे मोलाचं ठरतं.

म्हणून एक सवय लावून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १५ टक्के दिसला की लोक म्हणतात, "अरे, हा तर झोपलाय!" तसं नसतं. १६ थ्रेडांपैकी एकच थ्रेड तोंडापर्यंत भरला असेल, तर एकूण आकडा फक्त ६ टक्के दिसतो. बाकीचे पंधरा त्या एकाची वाट बघत बसलेले असतात. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डाचा आकडा बघा. खेळताना तो ९५-९८ टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर तुम्हाला अडवत नाहीये, नवीन घेऊन काही मिळणार नाही. फ्रेम रेटवर मर्यादा लावलेली नसतानाही तो ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर अडचण बहुधा प्रोसेसरकडे आहे. आणखी पक्कं करायचं असेल तर गेमचं रिझोल्यूशन खाली आणा. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर समजा की प्रोसेसरच दमलाय. ही परीक्षा फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि खरेदीआधी ती करणारा माणूस मला क्वचित भेटतो.

आता कॅश मेमरी. जाहिरातीत हा आकडा कुठेतरी कोपऱ्यात छापलेला असतो, पण गेमसाठी फार महत्त्वाचा. पुन्हा ओट्यापाशी या. फोडणी करताना मोहरी-हिंग मिसळणाच्या डब्यात हाताशी असतात. ती मोहरी माळ्यावरच्या बरणीत असती तर? शिडी लावा, चढा, उतरा, तोवर तेल जळतं. प्रोसेसरचंही तसंच आहे. ५ गिगाहर्ट्झला त्याचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. रॅममधून माहिती आणायला सुमारे ८० नॅनोसेकंद धरले, तर त्या एका खेपेत ४०० ठोके वाया जातात. कॅशमध्ये ती सापडली तर त्या मानाने अगदी थोडे.

एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी हा प्रोसेसर आणला तेव्हा हे सगळ्यांना लख्ख दिसलं. कोअर आठच होते, नेहमीच्या ५८००एक्स इतकेच. क्लॉक तर उलट थोडा कमी. फरक एवढाच की चिपवर कॅशचा आणखी एक थर चढवला होता, ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट. आणि गेममध्ये तो आपल्याच भावाला मागे टाकत होता, काही गेममध्ये तर बऱ्याच अंतराने. रेंडरिंगमध्ये मात्र कमी क्लॉकमुळे किंचित मागेच. पुढे ७८००एक्सथ्रीडी आला, मग नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्सथ्रीडी. त्यात कॅश कोअरच्या खाली सरकवली, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली आणि क्लॉकही वाढवता आला. कामालाही तो आता फारसा कमी पडत नाही.

(श्रोत्यांतून : मग सोळा कोअर आणि जादा कॅश, दोन्ही एकत्र का घेऊ नये?)

मिळतं की! ७९५०एक्सथ्रीडी तसाच आहे. पण त्यात आठ-आठ कोअरचे दोन तुकडे आहेत आणि जादा कॅश एकाच तुकड्यावर. गेम नेमका कॅशवाल्या बाजूला चालेल हे विंडोज आणि ड्रायव्हर यांना बघावं लागतं आणि ते कधीकधी चुकतात. ज्याचं पोट रेंडरिंगवर आहे त्याने जरूर घ्यावा. बाकीच्यांनी ते पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवावेत असं माझं मत आहे.

इंटेलने वेगळी वाट काढली. २०२१ च्या बाराव्या पिढीपासून मोठे कोअर आणि छोटे कोअर एकाच चिपवर. आय५-१३६००केमध्ये सहा मोठे आणि आठ छोटे आहेत. मोठे गेम सांभाळतात. एक्सपोर्टसारखं वाटून देण्याजोगं काम निघालं की छोटेही हात लावतात. मिश्र वापरासाठी कल्पना चांगलीच आहे. पण तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होण्याचा त्रास झाला. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे त्यातला एखादा असेल तर घरी गेल्यावर आधी बायोस अपडेट करा. झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही, पुढचं टळतं.

आता भाच्याकडे परत येऊ. त्याची टाइमलाइन का अडकत होती? त्याचा कॅमेरा एच.२६५ मध्ये, १० बिट, ४:२:२ अशा पद्धतीने रेकॉर्ड करतो. फाइल छोटी होते, पण उलगडायला महाकठीण. हे उलगडण्यासाठी वेगळं सर्किट असावं लागतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून ते इनबिल्ट ग्राफिक्समध्ये आहे, क्विक सिंक म्हणतात त्याला. एनव्हिडियाच्या कार्डांत ते २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत नव्हतं. भाच्याच्या प्रोसेसरला इनबिल्ट ग्राफिक्सच नाही आणि कार्ड जुनं. म्हणजे सोळा कोअर जे काम घाम गाळून करत होते, ते एका छोट्याशा सर्किटने सहज केलं असतं. मी त्याला "एडिटिंग करतोस ना?" एवढंच विचारलं. "कॅमेरा कोणता, फाइल कोणती?" हे विचारायला हवं होतं.

आणि हो, इंटेलचा प्रोसेसर घेताना नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात इनबिल्ट ग्राफिक्स नसतं. हजार-दोन हजार वाचतात म्हणून लोक तो घेतात, नुसत्या गेमसाठी ठीकच आहे. व्हिडिओवाल्यांनी मात्र तो मोह टाळावा.

शेवटी उपाय फुकटात निघाला. प्रॉक्सी. रात्री झोपताना सगळ्या फाइलींच्या हलक्या प्रती बनवायला लावायच्या, एडिटिंग त्यांच्यावर करायचं, एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर मूळ फाइल घेतं. त्या प्रती बनवायला सोळा कोअर उत्तम कामाला आले! (हशा) न मिळालेले पैसे मात्र गेले ते गेलेच.

(श्रोत्यांतून : साधारण बजेटमध्ये तुम्ही स्वतः काय घ्याल?)

एकाच मशीनवर कोडिंग, ऑफिस, थोडं एडिटिंग आणि गेम असेल तर आठ चपळ कोअर. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स या दोन्हींत आठ कोअरच आहेत, त्यामुळे गेम बनवणारे तो हिशोब धरूनच चालतात. रॅम ३२ जीबी. मदरबोर्डही पुढचा विचार करून घ्या. एएमडीचा एएम४ सॉकेट बघा, २०१७ मध्ये घेतलेल्या कित्येक बोर्डांवर नुसत्या बायोस अपडेटने ५८००एक्सथ्रीडी बसला. आणि विदर्भात राहात असाल तर वॅटचा आकडा आधी वाचा. ६५ वॅटचा रायझन ७ ७७०० आणि पूर्ण ताकदीला २५३ वॅट ओढणारा आय९-१४९००के यांतला फरक मे महिन्यात चंद्रपूरच्या बंद खोलीत कळतो.

(श्रोत्यांतून : सेकंडहँड घेतला तर चालेल का? लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतात.)

चालेल. प्रोसेसर सहसा लवकर मरत नाही, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्याच्या आधी जातात. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीतले मात्र वॉरंटी शिल्लक असल्याशिवाय घेऊ नका, आधीच्या मालकाने ते कसे वापरले हे बाहेरून कळत नाही. एएम४ चे प्रोसेसर घेताना पालथे करून पिना बघा, कारण त्यांच्या पिना प्रोसेसरलाच असतात. एएम५ आणि इंटेलमध्ये त्या मदरबोर्डावर असतात, तिथे बोर्ड तपासायचा. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा, सगळ्या रांगा सरळ दिसल्या पाहिजेत. आणि दुकानातच चालू करून दाखवायला सांगा. विकणारा "घरी जाऊन लावा, चालतोच" म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.