महाबळेश्वरच्या अंगणात शोभेची झाडे : निवड आणि लागवड



घरापुढे चार फुलझाडे, दोन सावलीची झाडे असावीत असे कुणाला वाटत नाही? महाबळेश्वर भागात तर घरापुढचे अंगण हे आता उत्पन्नाचेही साधन झाले आहे. कुणी पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय केली आहे, कुणी रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी आणि मध विकतो. गाडीतून उतरणारा माणूस आधी अंगण बघतो, मग माल बघतो.

म्हणून आपण हौसेने सातारा-पुण्याकडच्या रोपवाटिकेतून रोपे आणतो, जूनमध्ये लावतो. मग काय होतं? गणपतीपर्यंत निम्मी रोपे मुळाशी कुजतात आणि उरलेल्यांतली बरीच पुढच्या एप्रिलमध्ये वाळतात. एखादे झाड जगते, भराभर वाढते, आणि दहा-पंधरा वर्षांनी आषाढाच्या वाऱ्यात कौलांवर फांदी टाकते.

यात एक गोष्ट नीट समजून घ्या. जानेवारी २००१ मध्ये केंद्र शासनाने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. आपल्या अंगणात झाड लावायला परवानगी लागत नाही. तोडायला मात्र, स्वतःच्या मालकीचे असले तरी, घ्यावी लागते. तेव्हा विचार काय तो लावण्याआधी करायचा.

आपल्या भागाची चार लक्षणे

पहिले लक्षण पाऊस. महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाचगणीला याच्या निम्म्याहूनही कमी, वाईला तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून वाईच्या अंगणात डोलणारे झाड महाबळेश्वरला तसेच डोलेल असे नाही. उरलेल्या आठ महिन्यांत मात्र पाणी जपून वापरावे लागते. म्हणजे आपल्या झाडाला चार महिने अति पाणी आणि त्यानंतर ओढ, अशी दोन्ही दुखणी सोसायची असतात.

दुसरे लक्षण जमीन. आपली माती जांभ्याची, तांबडी व आम्लधर्मी. पावसाने तिच्यातील चुना व इतर क्षार धुपून जातात. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहते. हे लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवते, त्यामुळे वरून टाकलेले स्फुरदयुक्त खत मुळांना फारसे लागत नाही. शिवाय कित्येक ठिकाणी वीतभर मातीखाली जांभ्याचा कठीण थर लागतो.

तिसरे लक्षण वारा. पावसाळ्यात पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येणारा वारा पानेच काय, फांद्याही पिळून काढतो. पावसाळ्याआधी घराच्या ज्या भिंती आपण झाकून घेतो, त्याच बाजूला रोपालाही आडोसा लागतो.

चौथे लक्षण थंडी. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव व लिंगमळा परिसरात पहाटे दव गोठते. उंचावरच्या घरापेक्षा अशा खोलगट जागेतील कोवळ्या रोपांना जास्त धोका असतो, कारण थंड हवा जड असल्याने रात्री तळाकडे उतरून साचते.

डोंगराची झाडे आधी बघा

हा पाऊस, ही माती आणि हा वारा जी झाडे शेकडो वर्षे सोसत आली, ती आपल्या डोंगरातच उभी आहेत. बाहेरचे रोप विकत घेण्याआधी त्यांचा विचार करावा.

जांभूळ : बारमाही हिरवे, दाट सावलीचे झाड. कड्याकाठच्या वाऱ्यात ते ठेंगणे राहते, आडोशाला मोठे होते. मार्च ते मे फुलोरा. फक्त एक लक्षात ठेवा, पायवाटेवर किंवा गाड्या उभ्या राहतात तिथे जांभूळ लावू नका. पिकलेल्या फळांनी फरशी निसरडी होते आणि गाडीवर डाग पडतात.

अंजनी : लहान अंगणासाठी याहून चांगले झाड सांगता येणार नाही. उंची बेताची, पाने चकचकीत आणि बारमाही हिरवी. उन्हाळा लागताना फांद्यांना बिलगून निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस येतात. वाढ सावकाश होते, तेव्हा धीर हवा.

हिरडा : उन्हाळ्यात नवी पालवी फुटते तेव्हा झाड देखणे दिसते. फळाला औषधी म्हणून बाजार आहे. पानगळीचे झाड असल्याने हिवाळ्यानंतर अंगणात ऊन येऊ देते.

गेळा : काटेरी, लहान झाड. पांढरी सुवासिक फुले जुनी होताना पिवळी पडतात. काट्यांमुळे ते कडेला, कुंपणाजवळ लावावे. मुले खेळतात तिथे नको.

धायटी : उताराच्या, उन्हाच्या जागेसाठी उत्तम झुडूप. हिवाळा सरताना तांबड्या, नळीसारख्या फुलांनी काड्या भरून जातात.

करवंद : जिवंत कुंपणासाठी. पांढरी फुले, खायला फळे, आणि जनावर आत शिरत नाही.

या झाडांचा आणखी एक मोठा फायदा आहे. महाबळेश्वरच्या मधाचे नाव ज्या सातेरी मधमाश्यांवर उभे आहे, त्यांचा चारा म्हणजे हीच झाडे. तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून पुढे आले, ते आसपासच्या जंगलाच्या जोरावरच. अंगणात धायटी, अंजनी, गेळा, जांभूळ व हिरडा असला, तर हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाच्या तोंडापर्यंत एकामागून एक फुलोरा मिळतो. आपल्याला शोभा, माशीला अन्न.

कारवीबद्दल पुष्कळजण विचारतात. फुलली की डोंगर निळा-जांभळा करते हे खरे. पण ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून वाळून जाते. कायमच्या कुंपणासाठी तिच्यावर विसंबू नये.

ही रोपे जंगलातून उपटून आणू नका. तसे करणे बेकायदा आहे आणि सोटमूळ तुटल्याने रोप बहुधा जगतही नाही. वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत चौकशी करावी. जांभूळ तर घरीच करता येते. बी ताजे असतानाच पिशवीत लावावे, कारण वाळवून ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती लवकर जाते.

बाहेरची झाडे : कोणती चालतात, कुठे जपायचे

बाहेरचे सगळेच वाईट असे नाही. पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सिल्व्हर ओक व पॉइनसेटिया लावले आणि दोन्ही त्या गावाची ओळख होऊन बसली. पण गुणाबरोबर दोषही माहीत हवा.

सिल्व्हर ओक मूळ ऑस्ट्रेलियाचा. सरळ, उंच वाढतो, पण लाकूड ठिसूळ; वादळात फांद्या मोडतात. बांधावर ठीक, छपराजवळ नको.

गुलमोहराची मुळे वरच्यावर पसरतात आणि फांद्याही ठिसूळ. आपल्या वाऱ्यात त्याचा भरवसा नाही.

हायड्रेंजिया हे झुडूप मात्र आपल्या मातीसाठीच केल्यासारखे आहे. आम्ल मातीत ॲल्युमिनियम मुळांना मिळते, म्हणून फुले निळी येतात. चुनखडीच्या मातीत तेच झाड गुलाबी फुलते. निळा रंग हवा असेल तर बुडाशी चुना किंवा राख टाकू नये. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली असलेली जागा द्यावी. छाटणी फुले संपताच करावी. उशिरा छाटल्यास पुढच्या हंगामाच्या कळ्याच कापल्या जातात. याला उन्हाळ्यात पाणी लागते, म्हणून दोन-चार झुडपांवर थांबावे.

पॉइनसेटियाची पाने थंडीत तांबडी होतात, पण त्यासाठी रात्र लांब आणि काळोखी लागते. पडवीच्या दिव्याखाली लावाल तर रंग येणार नाही, बरं का! त्याचा चीक कातडीला व डोळ्यांना त्रास देतो.

कण्हेर फुलते छान, पण सगळे झाड विषारी आहे. गोठ्याजवळ किंवा लहान मुले असलेल्या अंगणात नको. आणि घाणेरी, मग ती कितीही रंगीत मिळो, विकत आणू नका. पक्षी तिचे बी डोंगरभर नेतात, खालचे गवत मरते आणि पाला खाल्ल्यास गुरांना विषबाधा होते.

जागा ठरवताना

मोठे होणारे झाड घरापासून निदान २५ फूट, लहान झाड १० ते १२ फूट दूर असावे. विजेच्या तारांखाली फक्त झुडपे लावावीत. शौचालयाच्या टाकीजवळ मोठे झाड नको. पश्चिमेच्या बाजूला आधी करवंद, धायटी अशा चिवट झुडपांची रांग धरावी. नाजूक फुलझाडे तिच्या आडोशाला, पूर्वेकडे लावावीत.

खड्डा

झाडासाठी दोन फूट लांब, रुंद व खोल, आणि झुडपासाठी दीड फुटाचा खड्डा एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापू द्यावा. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला ठेवावी.

आता एक परीक्षा करा. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी पाणी तसेच असेल तर खाली जांभ्याचा पाट आहे असे समजावे. असा खड्डा पावसात हौदासारखा भरून राहतो आणि मुळे कुजतात. मग उताराच्या बाजूने पहारीने वाट फोडून पाणी काढून द्यावे. ते जमत नसेल तर जागा बदलावी किंवा फूट-दीड फूट उंचीचा मातीचा ओटा करून त्यावर रोप लावावे.

भरताना वरच्या मातीत दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत, अर्धा किलो हाडांचा चुरा किंवा पाव किलो सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळावी. स्फुरद मुळांच्या जवळ, शेणखतासोबत दिले म्हणजे माती ते कमी अडवते. वाळवीसाठी पूर्वी खड्ड्यात बीएचसी पावडर टाकत असत. १९९७ पासून तिच्यावर बंदी आहे. कुणी जुना साठा दिला तरी वापरू नये.

कधी व कसे लावावे

जांभूळ, हिरडा, अंजनी अशी डोंगरी रोपे पहिल्या एक-दोन पावसांनी जमीन भिजताच, मोठा पाऊस लागण्याआधी लावावीत. हायड्रेंजिया, जास्वंद अशी मऊ झुडपे पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये लावावीत. भर जुलैत काहीच लावू नये.

१. देशावरच्या रोपवाटिकेतील पिशवीत बहुधा काळी माती असते. ती तशीच तांबड्या मातीत बसवली तर गोळा पाणी धरून राहतो आणि मुळे बाहेर यायला बघत नाहीत. म्हणून पिशवी काढून बाजूची काळी माती हलक्या हाताने मोकळी करावी.

२. पिशवीच्या बुडाशी गोल फिरलेली मुळे धारदार चाकूने कापावीत. ती तशीच राहिली तर पुढे झाडाला पकड मिळत नाही आणि वाऱ्यात झाड मुळासकट उपटते.

३. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच लावावे. बुंधा मातीत गाडू नये.

४. बुडाशी माती थोडी उंच ठेवून बाहेर उतार द्यावा. आळे पावसाळ्यात नव्हे, ऑक्टोबरमध्ये करायचे.

५. वाऱ्याच्या बाजूला बांबू रोवून रोप सुतळीने सैल, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे बांधावे. घट्ट बांधल्यास साल कापली जाते.

पहिली दोन वर्षे

पावसाळ्यात रासायनिक खत देऊ नये. दिलेले सगळे ओढ्याला जाते. ते सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये थोडे द्यावे. पाऊस थांबताच आळे करून त्यात तीन-चार बोटे पालापाचोळ्याचा थर घालावा, मात्र तो बुंध्याला चिकटू देऊ नये.

पाणी आठवड्यातून एकदा, १० ते १५ लिटर द्यावे. रोज तांब्याभर ओतल्याने मुळे वरच राहतात. पाण्याची टंचाई असेल तर जुन्या मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात बसवावी, मडके रोपाजवळ पुरून भरून ठेवावे व तोंड झाकावे. पाणी थेंबाथेंबाने मुळाशी जाते आणि वाया जात नाही.

दव गोठणाऱ्या जागी डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी रोपावर वाळल्या गवताची टोपी करावी आणि ऊन वर आल्यावर काढावी. मे महिन्यात बांबू व बांधणी तपासावी, वाळक्या फांद्या काढाव्यात.

थोडक्यात लक्षात ठेवा

* आधी जागा बघा, मग झाड निवडा, शेवटी रोप आणा.
* चारांपैकी तीन झाडे आपल्या डोंगराची असू द्या, चौथे हौसेचे.
* पाणी साचणाऱ्या खड्ड्यात रोप लावू नका.
* पहिली दोन वर्षे पाणी पुरवता येईल तेवढीच झाडे लावा. दहा लावून आठ मारण्यापेक्षा चार लावून चार जगवलेली बरी.
* छपराजवळ, तारांखाली आणि वाटेवर मोठे झाड नको.

रोपे कुठे मिळतील आणि माती परीक्षण कसे करावे याची चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी. खड्डे मे महिन्यात तयार ठेवा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खणायला उसंत मिळत नाही.