मूठ असलेला संगणक

पहिल्या आयमॅकच्या डोक्यावर एक मूठ होती. सतरा किलोंचं धूड रोज उचलून कोण कुठे नेणार? तरीही ती ठेवली गेली, आणि त्या यंत्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे. डिझायनर जॉनी आइव्हचा विचार सरळ होता: लोक संगणकाला बिचकतात, आणि ज्याला बिचकतो त्याला माणूस हात लावत नाही. मूठ दिसली की हात आपसूक पुढे जातो.

ते दिवस ॲपलसाठी फार वाईट होते. १९९७ च्या आर्थिक वर्षात कंपनीला १ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला होता. स्टीव्ह जॉब्स नुकताच परतला होता. ६ मे १९९८ रोजी क्युपर्टिनोच्या फ्लिंट सेंटरमध्ये त्यानं आयमॅक लोकांसमोर आणला. १९८४ साली पहिला मॅकिंटॉश त्यानं याच सभागृहात दाखवला होता. १५ ऑगस्टपासून १,२९९ डॉलरला विक्री सुरू झाली.

तेव्हाचा संगणक म्हणजे मळकट पांढरा खोका, शेजारी मॉनिटर आणि मागे वायरींचं जंजाळ. इथे १५ इंची पडदा, २३३ मेगाहर्ट्झचा जी३ प्रोसेसर, ३२ एमबी मेमरी, ४ जीबीची हार्ड डिस्क, मोडेम, स्पीकर असं सगळं एकाच कवचात होतं. कवच निळसर हिरवं, सिडनीच्या बाँडाय किनाऱ्याचं नाव मिरवणारं. प्लास्टिक अर्धपारदर्शक असल्यामुळे आतलं अंधुक दिसे, म्हणून आतली मांडणीही देखणी करावी लागली. असा रंग खुलवायचा कसा, हे समजून घ्यायला डिझायनर मंडळी जेलीबीन गोळ्यांच्या कारखान्यात गेली होती. एका कवचाला ६० डॉलरहून जास्त खर्च येई, साध्या खोक्याच्या तिप्पट. बुडत्या कंपनीनं हा खर्च केला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

फ्लॉपी मात्र नव्हती. त्यावरून ओरड झाली. जुनी जोडणीची भोकंही काढून टाकली होती. कीबोर्ड, माउस, प्रिंटर सगळ्यांसाठी फक्त यूएसबी. तो निर्णय बरोबर होता, असं माझं ठाम मत आहे. गोल माउसचं समर्थन मात्र करवत नाही. हातात धरल्यावर त्याचं तोंड कुठे आहे तेच कळत नसे. २००० साली तो बदलावा लागला.

पहिल्या सहा आठवड्यांत २,७८,००० आयमॅक विकले गेले, वर्षअखेरीपर्यंत ८ लाख. ॲपल पुन्हा नफ्यात आली.

२००३ मध्ये हे रूप बंद झालं. एखाद्या संग्रहालयात ते दिसलं, तर समोरून बघून पुढे जाऊ नका. मागच्या बाजूला जा. तिथेही तितक्याच मायेनं काम केलेलं आहे, आणि मूठ तिकडेच आहे.